एका कोअरची साक्ष

१

जून दोन हजार दहामधल्या एका सोमवारी सकाळी आठ वाजता, लातूरच्या औसा रोडवरच्या ध्रुव क्लासेसच्या हॉलमध्ये चारशे मुलं बसली होती. मागे भिंतीला टेकून शंभरेक पालक उभे. अकरावीच्या नव्या बॅचचा पहिला दिवस. पडद्यावर सिद्रामप्पा हलगे सरांचं नऊ मिनिटांचं प्रास्ताविक दाखवायचं आणि ते संपलं की सरांनी व्यासपीठावर येऊन बोलायचं, असं ठरलं होतं.

हलगे सर फिजिक्सचे. सहासष्ट वर्षांचे. जिल्ह्यातल्या तीन पिढ्यांना त्यांनी न्यूटन शिकवला होता.

पहिली चार मिनिटं ठीक गेली. पाचव्या मिनिटाला पडद्यावरचे सर कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, “पेपर मीच फोडला.” थोडं थांबून, “मुलांना आधीच देऊन टाकला.” आणि मग गतीच्या पहिल्या नियमावर बोलायला लागले.

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. ते हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं आणि तिथे पालकांत पोचल्यावर बंद पडलं. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “हे काय चाललंय?”

प्रोजेक्टरजवळ उभी असलेली ज्ञानेश्वरी, क्लासचं टायपिंग करणारी मुलगी, जागच्या जागी गोठली होती. व्हिडिओ बंद करायचंही तिला सुचलं नाही. हलगे सर पहिल्या रांगेतून उठले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि चालत हॉलबाहेर गेले. त्यांच्या मागे कोणी गेलं नाही.

तासाभरात ती फाइल ज्ञानेश्वरीच्या लॅपटॉपमध्ये सापडली.

२

बुधवारी सकाळी विशाखा देगलूरकर नांदेडहून लोहा-अहमदपूर मार्गे येणाऱ्या पहिल्या एसटीने लातुरात उतरली. नांदेडला वजिराबादेत तिचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेला मदरबोर्ड भिंगाखाली धरून जिवंत करणारी बाई म्हणून परभणीपासून देगलूरपर्यंत लोक तिच्याकडे यायचे. वय अडतीस. बोलणं तोडून टाकणारं.

क्लासचे मालक अंबरीश औराळकर यांनी तिला बसायला सांगितलं नाही. ती स्वतःच बसली.

“हा लॅपटॉप तुमच्या दुकानातून गेलाय,” ते म्हणाले. “खाली तुमचं स्टिकर आहे. ठाण्यातले साहेब म्हणतात, तंत्रज्ञाचा कागद आणा, मग गुन्हा दाखल करतो. इथले सगळे दुकानदार दुसऱ्या क्लासवाल्यांचे आहेत, त्यांच्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही दोन ओळी लिहून द्या. व्हिडिओ या लॅपटॉपवर तयार झाला. बस.”

“झालाय का?”

“फाइल त्यात सापडली.”

“माझ्या पिशवीत तुमचा डबा सापडला तर स्वयंपाक मी केला असं होत नाही.”

अंबरीश सरांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. “नांदेडच्या शाखेचे चाळीस कॉम्प्युटर तुमच्याकडे देखभालीला द्यायचं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं, असं म्हणतोय.”

“ऐकलं मी. रविवारी काय झालं ते सांगा.”

त्यांनी सांगितलं, पण शब्द मोजून. शनिवारी संध्याकाळी मिहिरने हलगे सरांचं भाषण चित्रित केलं. मिहिर म्हणजे क्लासचं सगळं चित्रीकरण बघणारा. रविवारी सकाळी साडेअकराला त्याने रेकॉर्डिंगच्या तीन प्रती केल्या. एक स्वतःकडे ठेवली. एक ज्ञानेश्वरीला दिली, भाषणाच्या नोट्स टाइप करायला. एक देविका मॅडमना, तपासायला. देविका म्हणजे अंबरीश सरांच्या पत्नी. क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायच्या आणि जाहिरातींचं काम बघायच्या. अंबरीश सर स्वतः शनिवारी दुपारीच नव्या शाखेच्या पूजेसाठी नांदेडला गेले होते, ते रविवारी रात्री परतले.

“फाइलवर वेळ आहे रविवार दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची,” ते म्हणाले. “त्या दिवशी बारा ते चार इथे भारनियमन होतं. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे चालतात, सगळे कॉम्प्युटर बंद. बॅटरीवर चालणारी एकच वस्तू या इमारतीत होती. आता सांगा.”

विशाखाने खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात लॅपटॉपची दोन नवीकोरी खोकी एकावर एक ठेवलेली होती.

“ती?”

“नांदेडच्या शाखेची. गुरुवारी आली. सीलबंद आहेत, त्यांचा इथे संबंध नाही.” सर उठून उभे राहिले. “दुपारी चारपर्यंत कागद हवा. पाच वाजता साहेब येणार आहेत तिला घेऊन जायला.”

३

ज्ञानेश्वरीला त्यांनी झेरॉक्सच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. बाहेर स्टुलावर वॉचमन मारोती. आत तिच्या शेजारी तिची मावशी चांगुणाबाई, पदर तोंडावर धरून.

विशाखाने मुलीला ओळखलं. दीड वर्षापूर्वी हीच मावशी-भाची दुकानात आली होती. तीन तास सगळे जुने लॅपटॉप उघडून-मिटून बघितले आणि सगळ्यात स्वस्त तो नेला.

“पुन्हा कोण आलं?” ज्ञानेश्वरी म्हणाली. “काय लिहून घ्यायचं ते घ्या. मी सही करणार न्हाई.”

“मी सही मागायला आलेले नाही. लॅपटॉप दे.”

“तुम्ही त्यांच्याच ना?”

“माझ्या दुकानातून नेलास तू हा. आठवतं का?”

मुलीने निरखून बघितलं. मग लॅपटॉप पुढे सरकवला, पण हात त्यावरच ठेवला.

चांगुणाबाईच बोलल्या. “बाई, भूकंपाच्या वेळी ही तीन वर्साची होती. किल्लारीच्या पल्याड गाव हाय आमचं. हिची माय, बाप, दोघं भाऊ, सगळे गेले. मी लातुरात होते म्हणून हिला घेतलं. हलगे सरांनी पत्र्याच्या शेडमंदी शाळा काढली व्हती, तिथं हिच्या हातात पाटी दिली. बारावीपर्यंत सरांनीच बघितलं. इथं नोकरीला पण त्यांनीच लावली. आन ही सरांची बेइज्जती करंल?”

“मावशी, पुरे.”

“सरांना सांगितलंस का, तू केलं नाही म्हणून?” विशाखाने विचारलं.

“गेले होते काल. गेट उघडलं न्हाई त्यांनी.” ती हे खिडकीकडे बघत म्हणाली.

विशाखाने लॅपटॉप चालू केला. सुरू व्हायला पावणेतीन मिनिटं लागली. चार्जरची वायर काढून ठेवली आणि घड्याळ बघितलं.

“रविवारी काय काय केलंस?”

“साडेअकराला मिहिरनी पेनड्राइव्ह दिला. अर्धं भाषण ऐकत टाइप केलं. बाराला लाइट गेली. वीसेक मिनिटांत ह्याची बॅटरी बसली, मग मी वहीत लिहून काढलं. चारला लाइट आली तेव्हा चार्जिंगला लावून झेरॉक्सचे कागद आणायला गेले. तासाभरानी आले.”

“लॅपटॉप इथेच? पासवर्ड?”

“पासवर्ड न्हाई.”

“सोमवारी दाखवलेला पेनड्राइव्ह कोणी दिला?”

“देविका मॅडमनी. सकाळी सातला. म्हणल्या, तपासून झालंय, हाच लाव. आता म्हणतात, मी दिलाच न्हाई.”

लॅपटॉपचा पडदा काळा झाला. विशाखाने घड्याळ बघितलं. एकोणीस मिनिटं.

तिला आश्चर्य वाटलं नाही. आत सेलेरॉन एम प्रोसेसर होता, चारशे वीस क्रमांकाचा. दोन हजार सहाचा. एकच कोअर, म्हणजे काम करणारा मेंदू एकच, एक पूर्णांक सहा गिगाहर्ट्झ. काम कमी असलं की वेग उतरवून बॅटरी वाचवायची सोय त्या काळच्या महाग प्रोसेसरमध्ये असायची, ह्यात नव्हती. समोर नुसतं कोरं पान उघडं असलं तरी हा पूर्ण वेगानेच धावणार. टायपिंगला चालेल, एवढंच सांगून तिने तो विकला होता.

पण बॅटरीचं कारण पाच मिनिटांत उडवून लावता येण्यासारखं होतं. वीज असलेली जागा शहरात कुठेही मिळते.

“मारोतीभाऊ,” तिने दाराबाहेर बघून विचारलं, “रविवारी दुपारी ही मुलगी इमारतीबाहेर गेली होती का?”

“चारच्या आधी न्हाई. मी दारातच होतो.” मारोती नाराजीने म्हणाला. “आन मला काही इचारू नका. मालकांनी तोंड उघडायला मनाई केली हाय. रविवारी त्या थर्माकोलचा चुरा झाडता झाडता कंबर गेली, त्याचं कुणी इचारलं न्हाई.”

“कुठला चुरा?”

पण जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि मारोतीने तोंड मिटून घेतलं.

४

आलेला मिहिर होता. तिशीचा, दाढी कोरलेली, हातात दोन मोबाइल.

“झालं का तुमचं? उगाच कशाला लांबवताय,” तो म्हणाला. “मॅटर क्लिअर आहे.”

“तुमचं मशीन बघायचंय.”

“का?”

“या इमारतीत व्हिडिओ कापता येणारा माणूस तुम्ही आहात म्हणून.”

त्याच्या मानेवर लाली चढली. “बारा ते चार लाइट नव्हती, बाई. माझा डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ. त्याला बॅटरी नसते, हे तुम्हाला मी सांगायला हवं?”

“साडेअकरा ते बारा होती.”

“अर्ध्या तासात कापून, जोडून, पूर्ण एचडीत नवी फाइल बनवून बाहेर काढायची? माझ्या मशीनवर नुसतं बाहेर काढायलाच तासाच्या वर लागतो. आणि फाइलवर दोन दहा आहे.” त्याने खुर्ची ओढून दिली, पण स्वतः उभाच राहिला. “बघा काय बघायचं ते. माझ्यावर आणू नका. मार्चमध्ये मला कावीळ झाली होती, तेव्हा गुणवंतांच्या सत्काराची फिल्म मॅडमनी स्वतः कापून लावली. मी नसलो तरी इथलं काही अडत नाही. मला असंही काढणारच आहेत, हा ठपका घेऊन मला जायचं नाही.”

विशाखाने त्याच्या गेल्या महिन्याच्या पाच-सहा फाइली आणि शनिवारचं मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं. तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

मूळ रेकॉर्डिंग तिने हेडफोन लावून ऐकलं. हलगे सर एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होते. तो रडत त्यांच्याकडे आला होता आणि म्हणाला होता, ‘सर, पेपर मीच फोडला, मुलांना आधीच देऊन टाकला.’ अलीकडचा ‘तो म्हणाला, सर’ आणि पलीकडची सगळी गोष्ट कोणीतरी कापली होती. मधले सांधे फार सफाईने जुळवले होते.

ज्ञानेश्वरीचा लॅपटॉप विजेला जोडून त्यावर तिने आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा बाहेर काढून बघितला. तोवर साडेअकरा वाजत आले होते. मग त्यातच तिने मूळ रेकॉर्डिंग पूर्ण घातलं, तेवढ्याच लांबीचा व्हिडिओ तेवढ्याच दर्जात बाहेर काढायला लावला आणि झेरॉक्सच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

देविका मॅडम स्टाफरूममध्ये होत्या. समोर उद्याच्या जाहिरातीचा नमुना. अकरा मुलांचे फोटो, खाली टक्केवारी.

“तुम्ही मेकॅनिक ना?” त्या मान वर न करता म्हणाल्या. “माझी चौकशी करायला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. सोमवारचा पेनड्राइव्ह तुम्ही दिला, असं मुलगी म्हणते.”

“ती काहीही म्हणेल. आजोबांसारख्या माणसाचा असा तमाशा करणारी मुलगी.”

“तिने का करावा?”

“सरांनी तिला झापलं असेल. मला काय माहीत? ही मुलं दया दाखवली की डोक्यावर बसतात. भूकंपग्रस्त, भूकंपग्रस्त म्हणून किती वर्षं चालणार?” त्यांनी एका फोटोभोवती पेन्सिलीने चौकट आखली. “मला त्यातलं काही कळत नाही. मी पॉवरपॉइंटपलीकडे कॉम्प्युटरला हात लावत नाही. रविवारी साडेबाराला मी घरी गेले.”

“रेकॉर्डिंग तपासलंत?”

“लाइट नव्हती. कशावर तपासणार?”

 जाता जाता तिने जाहिरातीवरचे अकरा चेहरे नीट बघून घेतले. मार्चमधल्या सत्काराची फिल्म कापणारी बाई पॉवरपॉइंटपलीकडे जात नाही, हे तिने मनात बाजूला ठेवलं.

५

हलगे सरांचं घर क्लासपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. सरांनी गेटची कडी आतूनच धरून ठेवली.

“मला कोणाशी बोलायचं नाही.”

“सर, पाच वाजता त्या मुलीला पोलीस घेऊन जाणार आहेत.”

“जाऊ द्या.”

“ती म्हणते, तिने केलं नाही.”

“त्या भाषणाचा शब्दन् शब्द तिला ठाऊक होता. तिनेच टाइप केलं. ते वाक्य कुठे आहे ते अजून कोणाला माहीत होतं?” त्यांनी कडी आणखी घट्ट धरली. “सतरा वर्षं. मी तिला सतरा वर्षं ओळखतो, असं मला वाटत होतं. माझ्यासमोर तिला आणू नका. तिचं नाव काढू नका.”

“रेकॉर्डिंग तिघांकडे होतं.”

सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

“सोमवारी व्हिडिओनंतर तुम्ही पालकांसमोर बोलणार होतात. काय बोलणार होतात?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“असेलही. नसेलही.”

ते गेटच्या गजांवर बोट फिरवायला लागले. “क्लासच्या दारावरच्या जाहिरातीच्या फलकावर अकरा मुलं आहेत. त्यातली तीन मुलं आमच्याकडे एक दिवस शिकलेली नाहीत. फोटो आणून लावलेत. पालक ते चेहरे बघून पोरं आणून सोडतात. मी ते सांगणार होतो, नावं घेऊन. मालक गावात नव्हते, म्हणून शनिवारी रेकॉर्डिंग झाल्यावर मॅडमना तसं कळवून टाकलं. न सांगता मागून वार करायची मला सवय नाही.”

“त्या काय म्हणाल्या?”

“काही नाही. हसल्या.” सरांनी कडी सोडली, पण गेट उघडलं नाही. “आता माझं कोण ऐकणार आहे?”

विशाखा रिक्षात बसली. कारण मिळालं होतं. पण कारण म्हणजे पुरावा नव्हे, आणि बारा ते चार त्या इमारतीत देविका मॅडमकडे चालणारं यंत्र कोणतं होतं?

मग तिला मारोतीचा थर्माकोल आठवला.

६

दोन वाजता अंबरीश सरांच्या केबिनमध्ये पाच माणसं होती. सर, देविका मॅडम, मिहिर, ज्ञानेश्वरी आणि विशाखा. मारोती दारात. टेबलावर जुना लॅपटॉप घरघरत होता. त्याच्या पंख्याची गरम हवा टेबलावरचे कागद हलवत होती.

“कागद कुठे आहे?” सरांनी विचारलं.

“दहा मिनिटं थांबा.”

 देविका मॅडम मोबाइलमध्ये बघत बसल्या. बरोबर दोन दहाला विशाखाने पडदा सगळ्यांकडे वळवला.

“आज साडेअकराला लावलं. रविवारी हिच्या हातात रेकॉर्डिंग आलं, त्याच वेळेला. आज वीज आहे, रविवारी अर्ध्या तासात गेली होती. बघा किती झालंय.”

पडद्यावर एक्याऐंशी टक्के होते.

“कापायला, सांधे जुळवायला लागलेला वेळ मी धरलेलाच नाही. नुसतं बाहेर काढायला याला सव्वातीन तास लागतात. आणि बॅटरी एकोणीस मिनिटं टिकते. रविवारी दोन दहाला या लॅपटॉपवर हा व्हिडिओ तयार होणं शक्य नाही.”

“दर्जा कमी ठेवला तर लवकर होतं,” मिहिर म्हणाला. मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने खाली बघितलं.

“बरोबर आहे तुमचं. म्हणून दर्जा किती ठेवला होता ते फाइललाच विचारू.”

तिने स्वतःचा लॅपटॉप उघडला. “व्हिडिओ बाहेर काढणारा प्रोग्राम फाइलच्या पोटात एक ओळ लिहून ठेवतो. कोणत्या सेटिंग्ज होत्या, सगळं. बघणाऱ्याला ती दिसत नाही, उघडून बघावी लागते. दर्जा पूर्ण होता, ते जाऊ द्या. त्याच ओळीत एक आकडा असतो, थ्रेड्सचा. म्हणजे काम किती धाग्यांत वाटून केलं, तो. हा आकडा माणूस सहसा ठरवत नाही, प्रोग्राम मशीन बघून ठरवतो. जेवढे प्रोसेसर दिसतात त्याच्या दीडपट.”

“मला हे शिकवू नका,” अंबरीश सर म्हणाले.

“तुम्हाला शिकवत नाही. साहेबांना लिहून द्यायचंय, म्हणून सांगते. हे मिहिरचे गेल्या महिन्याचे व्हिडिओ. दोन कोअर, म्हणून तीन धागे. सहाच्या सहा फाइलींत तीन. हा ज्ञानेश्वरीच्या लॅपटॉपवर साडेअकराच्या आधी काढलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा. एकच कोअर. एक धागा. आणि हा सोमवारी हॉलमध्ये दाखवलेला.”

मिहिरने पुढे वाकून बघितलं. “सहा,” तो म्हणाला.

“सहा. म्हणजे चार प्रोसेसर दिसणारं मशीन. ज्ञानेश्वरीचं नाही. मिहिरचंही नाही. यंदा बाजारात आलेल्या आय-फाइव्ह लॅपटॉपमध्ये कोअर दोनच असतात, पण प्रत्येक कोअर दोन असल्यासारखा दिसतो. दोन दुणे चार. चाराचे दीडपट सहा. आणि त्याची बॅटरी नवी असेल तर असलं काम तासाभरात सहज उरकतं.”

ती कोपऱ्यातल्या खोक्यांकडे बघत होती. आता सगळेच बघायला लागले.

“त्यांना हात लावायचा नाही,” अंबरीश सर म्हणाले. “सीलबंद आहेत.”

“मारोतीभाऊ, रविवारी थर्माकोलचा चुरा कुठे होता?”

मारोतीने मालकाकडे बघितलं, मग ज्ञानेश्वरीकडे. “हितंच,” तो म्हणाला. “केबिनच्या दारापासून जिन्यापस्तोर. मालक नांदेडला व्हते. केबिनची चावी मॅडमकडं व्हती. आन मॅडम अडीचला घरी गेल्या, चारनंतर परत आल्या व्हत्या.”

“मारोती,” देविका मॅडम म्हणाल्या.

“मला इचारलं म्हणून सांगितलं.”

अंबरीश सर उठले. वरचं खोकं त्यांनी स्वतः टेबलावर घेतलं. चिकटपट्टीखाली दुसरी चिकटपट्टी होती. ती ओढली तसा एक कोपरा मोडलेला थर्माकोल बाहेर आला. लॅपटॉपच्या पडद्यावर नव्या यंत्राला असते ती पातळ फिल्म नव्हती. त्यांनी बटण दाबलं. चाळीस सेकंदांत पडदा उजळला. विशाखाने दोन ठिकाणी टिचकी मारली आणि त्यांना वाचता यावं म्हणून बाजूला झाली.

यंत्र पहिल्यांदा सुरू झालं, रविवार, दुपारी बारा वाजून चार मिनिटं. व्हिडिओ कापायचा प्रोग्राम, बारा सोळा. शेवटची तयार केलेली फाइल, दोन दहा.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग पत्नीकडे न बघता म्हणाले, “का?”

“तुम्ही पूजा करत होता ना तिकडे?” देविका मॅडमचा आवाज चढला नव्हता. “सोमवारी तो म्हातारा उभा राहून तीन नावं घेणार होता. पाचशे लोकांसमोर. मग ना लातूर राहिलं असतं, ना नांदेड. तुम्ही काय केलं असतं? पाया पडला असता त्याच्या. मी जे करायला हवं होतं ते केलं.”

“आणि ही?” विशाखाने ज्ञानेश्वरीकडे हात केला. “चार वाजता ती कागद आणायला गेली, तेव्हा तिच्या लॅपटॉपमध्ये फाइल कोणी टाकली?”

“कोणावर तरी जायलाच हवं होतं. तिच्यामागे उभं राहायला आहे कोण?”

ज्ञानेश्वरी इतका वेळ भिंतीशी उभी होती. ती टेबलापर्यंत आली. मॅडमच्या समोर थांबली. पण बोलली ती अंबरीश सरांशी.

“उद्या सकाळी आठला,” ती म्हणाली, “त्याच हॉलमधी, त्याच लोकांपुढं, सरांचं खरं भाषण लावायचं. सगळं. आन कुणी कापलं ते तुम्ही सांगायचं.”

“हे घरातलं प्रकरण आहे,” अंबरीश सर म्हणाले. “आपण बसून—”

विशाखाने दोन ओळींऐवजी दोन पानं लिहिली होती. खाली सही, तारीख. एक प्रत तिने ज्ञानेश्वरीच्या हातात दिली, दुसरी टेबलावर ठेवली.

“पाच वाजता साहेब येणारच आहेत,” ती म्हणाली. “तिच्या हातातली प्रत त्यांना द्यायची की नाही, ते ही मुलगी ठरवेल.”

“नांदेडचं काम विसरा तुम्ही.”

“विसरले.”

७

गुरुवारी सकाळी हॉल पुन्हा भरला. खरं भाषण पूर्ण नऊ मिनिटं चाललं, जुन्या विद्यार्थ्याच्या गोष्टीसकट. नंतर अंबरीश सर माइकसमोर आले. सोमवारचा प्रकार आपल्याच घरातून झाला, असं त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं. पत्नीचं नाव घेतलं तेव्हा कागद खाली ठेवला. हलगे सर आले होते. त्यांनी व्यासपीठावर जाऊन तीन मुलांची नावं घेतली आणि फलकाबद्दल जे सांगायचं ते चार वाक्यांत सांगून टाकलं. टाळ्या वाजल्या नाहीत. काही पालक तिथूनच ऑफिसात गेले आणि प्रवेश रद्द करायचे अर्ज मागायला लागले. दुपारी दोन माणसं शिडी लावून फलकावरचे तीन चेहरे पांढऱ्या रंगाने बुजवत होती. देविका मॅडम त्या दिवशी आल्याच नाहीत.

ज्ञानेश्वरीने त्याच दुपारी नोकरी सोडली. विशाखाने तिला एकच विचारलं होतं, “सोल्डरिंग शिकशील का?” आणि तिने हो म्हटलं होतं.

बसस्थानकावर नांदेडची गाडी लागली तेव्हा चांगुणाबाई पिशव्या वर चढवत होत्या. हलगे सर फलाटावर उभे होते. किती वेळचे आले होते कोण जाणे. हातात छत्री, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात.

ज्ञानेश्वरीने त्यांना बघितलं आणि पायरीवरून खाली उतरली. नमस्काराला वाकली नाही.

“माझं चुकलं,” सर म्हणाले. “माझं फार चुकलं, बाळ.”

“मी आले होते मंगळवारी. दोन तास गेटपाशी उभी होते.”

“मला दिसत होतीस तू. खिडकीतून.”

“लॅपटॉपनी माझ्या बाजूनी सांगितलं तेव्हा तुम्ही मानलं, सर. मी सांगायला आले तर कडी लावून घेतली.”

सरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी मान हलवली. कंडक्टरने दरवाज्यावर थाप मारली, तशी ती गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. सर खिडकीखाली आले.

“पोचल्यावर फोन करशील का?”

ती समोर बघत राहिली. गाडी हलली.

“मावशीला करीन,” ती म्हणाली. “तिला इचारा.”